पाच फुटी नदीत कोण कोण राहणार?

ऐका. फार जुनी गोष्ट आहे. मनू सकाळी हात धूत होता. ओंजळीतल्या पाण्यात एक इवलासा मासा आला आणि चक्क बोलू लागला. म्हणाला, मला सांभाळ, पुढे मी तुला तारीन. मनूने विचारलं, तुला सांभाळायचं कसं? मासा म्हणाला, आम्ही लहान असतो तोवर जिवाला फार घोर असतो, कारण मासाच माशाला गिळतो. म्हणून आधी मला घागरीत ठेव. घागरीत मावेनासा झालो की खड्डा खण आणि त्यात सोड. त्यातही मावेनासा झालो की समुद्रात नेऊन सोड.

शतपथ ब्राह्मणातली ही गोष्ट. पुढचा तो प्रलय, ती नाव, तो डोंगर हे सगळं तुम्हाला आजीने सांगितलंय, मी परत सांगत नाही. मला आवडतो तो त्या माशाचा शहाणपणा. पहिल्याच भेटीत त्याने दोन गोष्टी सांगून टाकल्या: मासा माशाला खातो, आणि मासा वाढतो. फिश टँकच्या दुकानात या दोन गोष्टी सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

तर ओंकार, आण बघू तुझी यादी. चार एंजल, वीस निऑन, तीन टायगर बार्ब, दोन गोल्डफिश, दहा गप्पी, एक सकर आणि दोन शार्क. वा! यादी रंग बघून केलेली दिसते. सई, हसू नकोस, गोल्डफिश तुझ्या अक्षरात आहेत.

बाबाने टाकी मात्र झकास आणली आहे. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे साधारण १५० गुणिले ६० गुणिले ६० सेंटिमीटर, काठोकाठ भरली तर ५४० लिटर. नुसत्या पाण्याचं वजन ५४० किलो, काच आणि दगड-वाळू वेगळे. टाकी मोठी म्हणून माशांची भांडणं कमी होतील, असं तुम्हाला वाटतंय. थोडं खरं आहे ते. पण कौटिल्याने राजाच नसेल तर काय होतं, हे सांगताना ‘मत्स्यन्याय’ म्हटलं, ते उगीच नव्हे. मोठा मासा लहान माशाला खातो, हा पाण्यातला मूळचा कायदा. तो पाचशे लिटरमध्ये मोडीत काढायचा असेल तर कोणाला कोणाशेजारी ठेवायचं, हे आपल्याला ठरवावं लागतं. मासे आपापसात मैत्री करत नाहीत. त्यांचं तोंड केवढं, पाणी कोणतं, टाकीचा कुठला थर त्यांचा आणि ते किती जणांत राहतात, एवढंच बघायचं.

एंजल आणि निऑनपासून सुरू करू. हो ओंकार, दोघंही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, बरोबर आहे तुझं. आणि म्हणूनच तर अडचण! एंजल दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा असतो आणि अगदी साधा दिसतो. वर्षभरात तोच पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब होतो, आणि वरखालचे पर धरले तर उंचीला त्याहूनही जास्त. त्याचं अंग इतकं चपटं का, सांगा पाहू? पाण्यात बुडालेल्या झाडांच्या मुळ्यांमधून, वेलींमधून आडवं-तिडवं न होता सरकता यावं म्हणून. अंगावरचे काळे उभे पट्टे त्या मुळ्यांच्या सावल्यांत मिसळून जातात. तिथे तो दबा धरून असतो. किडे, झिंगे, लहान मासे हे त्याचं अन्न. निऑन पूर्ण वाढला तरी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, अंगाने सडपातळ. एंजलच्या तोंडात बरोब्बर बसतो.

पण निऑनची खरी गंमत वेगळीच आहे. त्याच्या अंगावरची ती निळी रेघ कुठल्या रंगद्रव्याची नाही. त्वचेतल्या पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे पातळ स्फटिक रचलेले असतात. उजेड त्यांच्यावर आपटून परत येतो आणि आपल्याला निळा-हिरवा दिसतो. हे स्फटिक आमच्या कोकणातल्या घरातल्या खिडकीच्या झडपांसारखे एकदम सगळे मिळून कलतात. कलण्याचा कोन बदलला की रंग बदलतो. अंधार पडला की निळा जांभळटाकडे सरकतो आणि रेघ मंद होते. रात्री दिवा लावून बघाल तर निऑन फिकुटलेले, आजारी असल्यासारखे दिसतील. घाबरू नका, सकाळी पुन्हा चमकायला लागतात. मात्र पहाटे, एंजल जागा आणि निऑन अजून सुस्त, अशी एक वेळ येते. सकाळी उठून मोजलं तर वीसचे एकोणीस. दुसऱ्या आठवड्यात सतरा. कुणी मेलेला दिसत नाही, पाण्यावर तरंगत नाही, नुसता कमी होतो.

काही जण सांगतात, निऑन आधी मोठे करा आणि एंजल मागून अगदी लहान सोडा, मग ते त्यांना खाऊ समजत नाहीत. कधीकधी जमतं हे. वीस माशांच्या जिवावर मी तरी ती पैज लावणार नाही.

आता तुझे टायगर बार्ब. सुमात्रा-बोर्निओकडचे, पिवळसर अंगावर चार काळे पट्टे, कायम धावपळीत. तू तीन लिहिलेस, कारण तीन छान दिसतील असं वाटलं. दुकानदारही म्हणेल, कमी घ्या, त्रास कमी. इथे उलटं आहे. बार्ब घोळक्यात राहणारा मासा. घोळक्यात कोण वरचा, कोण खालचा, हे रोज नव्याने ठरत असतं. पाठलाग, हुलकावण्या, थोडी ढुशी. आठ-दहा असले तर सगळ्यांचा वेळ यातच जातो. तीनच असले तर भांडायला पुरेशी माणसं नाहीत. हो, मासे म्हणायचं होतं मला. मग त्यांना एंजलच्या त्या लांब लोंबत्या पराचा मोह पडतो. गुरामीच्या पोटाखाली जे दोन दोरे असतात, त्यांचाही. गुरामी ते दोरे पुढे करून वस्तू चाचपतो, त्यांनी चवही घेतो. बार्बांनी ते कुरतडले तर बिचाऱ्याचे हातच गेले. म्हणजे दहा बार्ब ठेवले तर शांतता आणि तीन ठेवले तर गुंडगिरी. संख्या वाढवून भांडण कमी होतं, हे मला माशांनी शिकवलं. आपल्या सोसायटीत तसा अनुभव नाही.

सई, तू विचारलंस की घोळक्यात एकाला लागलं तर बाकीच्यांना कळतं का. छान प्रश्न आहे. ज्यांनी मधमाशांचा नाच उलगडला ते कार्ल फॉन फ्रिश माहीत आहेत ना, १९७३ साली नोबेल मिळालेले? त्यांनी १९३८ मध्ये मिनो नावाच्या लहानशा युरोपी माशांबद्दल एक विलक्षण गोष्ट मांडली. एक जखमी मासा परत घोळक्यात सोडला की बाकीचे सगळे एकदम दचकून पळतात. त्याला नुसतं बघून नव्हे. त्याच्या फाटलेल्या कातडीतून काहीतरी पाण्यात सुटतं, त्याचा वास त्यांना कळतो. कातडी कुटून तिचं पाणी टाकलं तरी तेच होतं. आपले बार्ब, निऑन आणि कॅटफिश ही सगळी एकाच मोठ्या कुळातली मंडळी, आणि या कुळात ही भीतीची वर्दी ठिकठिकाणी आढळते. म्हणजे एखाद्या दांडग्या माशाने एकाची कातडी फाडली, तर शिक्षा सगळ्या घोळक्याला होते. मग ते कोपऱ्यात दाटी करतात, खात नाहीत, रंग उतरतो, आणि आपण पाण्यात औषधं ओतत बसतो.

याच कुळाची आणखी एक खुबी आहे. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी चिमुकल्या हाडांची एक साखळी असते. वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० मध्ये तिचं वर्णन केलं. पिशवी थरथरली की हाडं ती थरथर कानापर्यंत पोचवतात, त्यामुळे हे मासे फार तिखट कानाचे. ओंकार, काचेवर टकटक करायची नाही, ती याच्यासाठी. एंजलला ही साखळी नाही, पण त्याच्या काचेवरही नाही.

गोल्डफिश खोडा. का म्हणजे? गोल्डफिश मूळचा थंड पाण्याचा, चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वीपासून पाळलेला. खातो भरपूर, घाण भरपूर करतो. ज्यांना तो शोभेल त्यांच्याबरोबर ठेवावा, म्हणजे दुसऱ्या गोल्डफिशबरोबर. गप्पीचा प्रश्न निराळा. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही असं क्षारांचं पाणी गप्पीला मानवतं, तर निऑनला मऊ, किंचित आंबट पाणी लागतं. दोघांनाही मधलं पाणी देता येतं, नाही असं नाही. पण गप्पीची मादी एकदा नराला भेटली की बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते आणि दर महिन्याला पिलं देत राहते. मग एकतर टाकी गप्पींनी भरते किंवा पिलं खाऊन बाकीचे लठ्ठ होतात. महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या खायला पाण्यात गप्पी सोडतात, ते त्यांच्या या चिवटपणामुळेच.

आणि तुझा शार्क. बाला शार्क हा शार्क नाहीच, रोहू-कटल्याच्या कुळातला आहे. दुकानात बोटाएवढा, पुढे एक फूट आणि त्याच्याही पुढे. शिवाय एकटा राहत नाही, त्याला पाच-सहा सोबती हवेत. मनूचा मासा तो हाच.

सकरबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तो सगळ्यांच्याच यादीत असतो. ‘काच साफ करतो’ म्हणून विकतात. दोन इंचाचा असतो तेव्हा करतोही. मूळ दक्षिण अमेरिकेतला, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, परात काटे. तो वाढतो, दीड फुटापर्यंत वाढतो. मोठा झाला की शेवाळाकडे त्याचं लक्ष कमी होतं, आणि रात्री एखाद्या चपट्या, हळू माशाच्या अंगाला चिकटून त्याच्यावरचा बुळबुळीत थर खरवडतो. मग वैतागून लोक करतात काय, तर त्याला जवळच्या नदीत किंवा तळ्यात सोडून देतात. जिवंत सोडला, पुण्य लागलं! तिथे त्याला खाणारं फारसं कोणी नाही. काठाच्या मातीत बिळं पोखरतो, त्यात अंडी घालतो, जाळ्यात अडकला की काट्यांनी जाळी फाटते. आपल्या भीमेवर, उजनीच्या पाण्यात मच्छीमारांना तो सापडू लागला आहे आणि त्यांच्या दृष्टीने त्याला बाजारात किंमत नाही. एका घरातली काच साफ करायला आणलेला मासा असा धरणापर्यंत पोचतो. काच आपण स्पंजने पुसू.

बघा, यादीत राहिलं काय? काही नाही. तोंड पाडू नका, आता खरी मजा. आपण एक नदी निवडू आणि तिथली माणसं बोलावू. ॲमेझॉन निवडता आली असती, पण मला वाटतं आपल्या सह्याद्रीतलीच निवडावी. स्वच्छ, वाहती, तळाशी गोटे असलेली.

मधल्या थरात मिस केरळ. दुकानात रोझलाइन शार्क किंवा डेनिसन बार्ब म्हणतात. हाही शार्क नाही. चंदेरी अंग, नाकापासून निघालेली लाल रेघ, तिच्याखाली शेपटीपर्यंत काळी रेघ, आणि शेपटीच्या टोकांना काळा-पिवळा ठिपका. मद्रास सैन्यातले डॉक्टर फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये त्याची नोंद केली आणि तेव्हाचे मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचं नाव दिलं. केरळातल्या आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांतला हा मासा. २०१३ मध्ये चार भारतीय संशोधकांनी त्याच्यासाठी आणि त्याच्या एका भावासाठी नवी प्रजाती मांडली, तिचं नाव ‘सह्याद्रिया’. त्या चौघांतले नीलेश डहाणूकर आपल्या पुण्यातले.

इतका देखणा, म्हणून जगभरच्या टाक्यांसाठी त्याला नद्यांतून भरमसाट पकडलं गेलं, आणि आज तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. आता त्याची पैदास टाक्यांत होते. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न हा विचारायचा: टाकीत जन्मलेला आहे की नदीतून आणलेला? उत्तर नीट मिळालं नाही तर परत फिरायचं.

त्याची दुसरी अट पाण्याची. वाहत्या, गार, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला तो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेच पाणी तीस अंशांवर गेलं की साडेसातच. आणि मासा मात्र गरम पाण्यात जास्त धापा टाकतो, त्याला अधिक लागतो. म्हणजे मे महिन्यात दोन्हीकडून मार. हिवाळ्यात हीटर लागेल का, ते नंतर बघू. आपल्याकडे आधी लागेल तो पाण्यावर वारा घालणारा पंखा आणि पाणी जोरात फिरवणारा फिल्टर.

त्याच्याबरोबर डॉकिन्सिया फिलामेंटोसा. पश्चिम घाटातलाच बार्ब, शेपटीजवळ काळा ठिपका. नर वयात आला की पाठीवरच्या परातून लांब धागे फुटतात. चार-पाच नर असले की ते एकमेकांसमोर पर ताणून उभे राहतात, रंग चढवतात, पण इजा फारशी करत नाहीत. २०१२ मध्ये त्याच्या गटाला रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञाचं नाव मिळालं. मऊ पानांची झाडं लावू नका, हे दोघं ती चरतील. दगड आणि लाकडाचे ओंडके बरे.

वरच्या थराला मलबार डॅनिओचा घोळका. निळसर-पिवळ्या रेघांचा, अखंड पोहणारा. त्याला वर ठेवण्यात एक कावा आहे. जॉर्ज बार्लो नावाचे प्राणिशास्त्रज्ञ सिक्लिड माशांचा अभ्यास करत होते, आणि त्यांचे मासे माणूस दिसला की लपून बसायचे. १९६८ मध्ये त्यांनी त्यावरचा उपाय लिहून ठेवला: टाकीत वरच्या बाजूला निर्धास्त फिरणारे दुसरे मासे सोडायचे. ते बागडताना दिसले की खालच्यांना वाटतं, वर धोका नाही, आणि ते बाहेर येतात. बुजऱ्याला समजावता येत नाही, पण दुसऱ्याला निर्धास्त बघून तो स्वतःच धीट होतो.

तळाला खरं तर आपल्याकडचा झेब्रा लोच शोभला असता. बोटिया स्ट्रायाटा, अंगावर बारीक बारीक उभे पट्टे, गोगलगायी खातो. १९२० मध्ये त्याची नोंद झाली ती तुंगेच्या पाण्यातून. पण तोही संकटग्रस्त आहे, आणि दुकानातला मासा कुठल्या ओढ्यातून आला ते कळायला मार्ग नसतो. तेव्हा नदी एकच ठेवायचा हट्ट मी इथे सोडतो. तळाला टाकीत पैदा झालेले कोरिडोरास आणू, आठेक.

“पण आजोबा, ते तर दक्षिण अमेरिकेचे!” हो, आहेत. शुद्ध सह्याद्री बघणाऱ्याला ते खटकतील, मला खटकत नाहीत. त्यांचं पाणी याच्याशी जमतं, कोणाच्या वाटेत येत नाहीत, आणि एक जादू करतात. मध्येच सुसाट वर जाऊन हवेचा घोट घेतात आणि परत तळाला. ती हवा पोटात जाते, आतड्याचा एक भाग तिच्यातला प्राणवायू शोषून घेतो. आतड्याने श्वास घेणारा मासा! शिवाय छातीजवळच्या परांचे काटे ताठ करून अडकवून ठेवतात, गिळणाऱ्याच्या घशात अडकतील असे. फक्त त्यांना टोकदार खडी नको, बारीक वाळू हवी. मिशा वाळूत खुपसून ते खाणं शोधतात, धारदार खडीने त्या झिजतात.

आकडा घ्या लिहून. आठ मिस केरळ, आठ डॉकिन्सिया, बारा डॅनिओ, आठ कोरिडोरास. चारच जाती, प्रत्येकीचा घोळका. एकेक, दोन-दोन करून पंधरा जाती जमवल्या तर ती टाकी राहत नाही, संग्रह होतो.

आणि हे उद्या आणायचे नाहीत. सर्वांत आधी राहायला येतात ते न दिसणारे. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, तो त्यांनाच विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, पाणी बदलून काढून टाकता येतं. हे जिवाणू वेगळे काढून दाखवले विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने, १८९० च्या सुमारास. ते फिल्टरमधल्या स्पंजावर, दगडांवर वस्ती करतात आणि त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामीच चालू ठेवायची. अमोनियाचे थोडे थेंब घालून त्यांना खायला द्यायचं, पाणी तपासायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की पहिली तुकडी. मग दोन-दोन आठवड्यांनी पुढची, म्हणजे जिवाणूंनाही वाढायला वेळ मिळतो. मिस केरळ सर्वांत शेवटी. प्रत्येक नवी तुकडी आधी तीन आठवडे वेगळ्या लहान टाकीत, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका माशाबरोबर येतो आणि पाचशे लिटरभर पसरतो.

नळाचं पाणी थेट ओतायचं नाही, त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि जिवाणूही मारतो. क्लोरीन मारणारं औषध मिळतं, ते घालूनच.

पहिली तुकडी डॅनिओंची. हा मासा उड्या मारणारा आहे, हे लक्षात ठेवा. तेव्हा बाबाला म्हणावं, हीटर, दिवे, मागचं चित्र वगैरे राहू दे. काचवाल्याकडून आधी झाकण कापून आण. कोपऱ्यात फिल्टरच्या पाइपापुरतीच खाच ठेवायला सांगा. तिच्यात उरलेली फट स्पंजाने बुजवायची, कारण डॅनिओ नेमका तिथूनच बाहेर पडतो.